दारावरचा तगादा

मागच्या महिन्यात माळा आवरायला काढला. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली एक निळी फाईल निघाली. वर माझ्याच अक्षरात 'लेस्टर - घर' असं लिहिलेलं. आत भाडेकरार, मीटरचं रीडिंग खरडलेला कागद, फॅक्स गेल्याच्या तीन पावत्या आणि लाल अक्षरांतल्या पत्रांचा एक जाडसर गुच्छ. बायको म्हणाली, "हे अजून ठेवलंयस? टाक की आता." टाकणार होतो, पण वाचत बसलो. माळा त्या दिवशी तसाच राहिला.

२००७ च्या ऑक्टोबरात आम्ही लेस्टरला एका भाड्याच्या घरात राहायला गेलो. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली, रस्त्यावरच दार उघडणारी चाळवजा घरं असतात ना तिथे, त्यातलंच एक. आठवडाभरात पहिलं पत्र आलं. नाव आमच्या आधीच्या भाडेकरू बाईंचं. आम्ही पाकिटावर 'इथे राहत नाहीत' लिहून परत पेटीत टाकलं. मग दुसरं, तिसरं. चौथ्या पत्रावर नावाच्या जागी नुसतंच 'रहिवासी'. ते उघडलं. विजेचे तीनशे बारा पौंड थकलेले, खातं वसुली कंपनीकडे दिलेलं, सात दिवसांत पैसे न भरल्यास आमचा माणूस घरी येईल, न्यायालयाचं वॉरंट काढून मीटर बदलला जाईल, वगैरे वगैरे.

आता खरं सांगतो. पत्र आमच्याबद्दल नाही हे मला कळत होतं. तरीही पोटात गोळा आला. आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यातलं. 'जप्ती' हा शब्द आमच्या घरात आजोबा कधी मोठ्याने उच्चारत नसत, आवाज खाली आणून बोलत, जसं एखाद्या आजाराचं नाव घ्यावं. फोनवर आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "बाळा, भरून टाक एकदाचं. दारात लोक यायला नकोत." आणि मी खरोखरच भरायला निघालो होतो! तीनशे बारा पौंड म्हणजे तेव्हाचे जवळजवळ पंचवीस हजार रुपये. बायकोने अडवलं. "अरे, दुसऱ्याची उधारी आपण का फेडायची? आणि एकदा भरलेस की ती आपलीच होती असं नाही का होणार?" तिचं बरोबर होतं. नव्या भाडेकरूवर तो राहायला आल्या दिवसापासूनच्या विजेचीच जबाबदारी असते, आधीच्याच्या थकबाकीची नाही, हे तिथल्या कायद्यात स्पष्ट आहे. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी माणूस आला. काळं जाकीट, हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र. वागायला अगदी सभ्य. "आत येऊन बोलूया का?" असं त्याने विचारलं आणि मी, पाहुणा उंबऱ्यात उभा कसा ठेवायचा या आपल्या संस्काराने, दार आणखी उघडायला लागलो. तेवढ्यात शेजारच्या आजी त्यांच्या दारातून जवळजवळ ओरडल्याच, "त्याला आत घेऊ नकोस! दार लाव!" आजी ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या आयरिश. एरवी माझ्याशी फक्त पावसाबद्दल बोलणाऱ्या. मी दार लावलं. बाहेरून तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, मग वॉरंट घेऊन येऊ," आणि गेला.

दार लावण्याने काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. पुढे कुतूहलाने वाचत गेलो आणि थेट १६०४ सालापर्यंत पोचलो.

लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात ग्रेशम आणि बेरिसफर्ड या दोघांच्या सामाईक ताब्यात एक घर होतं. बेरिसफर्ड वारला. त्याच्यावर सेमेन नावाच्या माणसाचं कर्ज होतं. सेमेनने न्यायालयातून हुकूम मिळवला आणि मयताचा त्या घरातला माल जप्त करायला शेरीफ दारात आला. ग्रेशमने दार लावून घेतलं. म्हणजे बघा, घर माझं, कर्ज दुसऱ्याचं, वसुलीवाला दारात! चारशे वर्षांपूर्वीचा हा भला माणूस मला एकदम जवळचा वाटायला लागला. सेमेनने त्याच्यावर दावा लावला आणि हरला. प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला असतो हे इंग्रजांचं लाडकं वचन ज्या निकालातून रूढ झालं तो हाच, एडवर्ड कोकने नोंदवून ठेवलेला. पण त्या निकालाला दोन शेपट्या आहेत, त्या सहसा कोणी सांगत नाही. एक म्हणजे, खाजगी देण्यासाठी शेरीफला बाहेरचं दार फोडता येत नाही, मात्र दार उघडं असेल तर आत जाता येतं. आजी ओरडल्या त्या यासाठी. दुसरी म्हणजे, राजा स्वतः पक्षकार असेल तर, आधी सांगून, दार फोडता येतं.

माझ्या दारात आलेला माणूस मात्र शेरीफही नव्हता आणि बेलिफही नव्हता. इंग्लंडमध्ये हा फरक फार मोठा आहे. बेलिफ न्यायालयाच्या हुकमाने येतो, त्याला काही अधिकार असतात. वसुली कंपनीच्या माणसाला तुमच्याआमच्यापेक्षा कणभरही जास्त अधिकार नसतो. तो फक्त विचारू शकतो. त्याचं सगळं भांडवल म्हणजे लाल अक्षरं, कोर्टाच्या कागदासारखा दिसणारा कागद आणि आपली भीती. धाक दाखवून, बेअब्रू करून, सरकारी अधिकारी असल्याचं सोंग आणून वसुली करणं हा तिथे १९७० च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडेही असलं काही होतंच. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसत, जेवणखाण सोडून. दारात उपाशी बसलेला माणूस म्हणजे घराला पाप लागणार या भीतीने लोक पैसे काढत. १८६० च्या इंडियन पीनल कोडात दैवी कोपाची भीती घालण्याविरुद्ध जे कलम होतं, त्याला उदाहरण म्हणून चक्क दारात धरणं धरणारा माणूसच दिला होता! तगादा हा शब्द आपल्याकडे उगाच रुळलेला नाही.

असो. पुन्हा विजेकडे, किंवा आधी गॅसकडे.

लंडनमध्ये गॅस कंपनीला सनद मिळाली १८१२ साली. पहिली काही दशकं गॅस म्हणजे रस्ते, दुकानं आणि श्रीमंतांची घरं. कारण गॅस आधी वापरायचा आणि बिल मागाहून, म्हणजे कंपनीने तुम्हाला तीन महिन्यांची उधारी दिल्यासारखंच. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कामगाराला अशी उधारी कोण देणार? बरं, उधारी बुडवली तर त्या काळी शिक्षा होती तुरुंगाची. डिकन्सचे वडील १८२४ साली मार्शलसी तुरुंगात गेले ते एका पाववाल्याचे चाळीसेक पौंड थकले म्हणून. कर्जासाठी सरसकट तुरुंगात टाकणं इंग्लंडमध्ये बंद झालं ते १८६९ च्या कायद्यानंतर, तेही काही अपवाद ठेवून.

या पेचातून वाट काढली ती एका यंत्राने. १८८० च्या दशकाच्या अखेरीस नाणं टाकायचा गॅस मीटर निघाला आणि १८९० च्या दशकात तो कामगार वस्त्यांत झपाट्याने पसरला. फटीत पेनी टाका, खटका फिरवा, पेनीभर गॅस येतो, संपला की बंद. उधारी नाही, म्हणून वसुली नाही. ज्यांच्याकडे गॅस कंपन्या ढुंकून बघत नव्हत्या, अशा लाखो घरांत पहिल्या महायुद्धाच्या आत दिवा आणि शेगडी पोचली. मला हे वाचून थोडा धक्का बसला. पुढे ज्या मीटरचा इतका बदलौकिक झाला, तो जन्माला आला गरिबाचा मित्र म्हणून.

लेस्टरला आमच्या मराठी मंडळात एक काका होते, १९६० च्या दशकात शिकायला आलेले. त्यांना या मीटरबद्दल विचारलं तर त्यांची कळी खुलली. त्यांच्या भाड्याच्या खोलीत शिलिंगचा मीटर होता. "अरे, आंघोळ अर्धी झाली की पाणी गार! मग टॉवेल गुंडाळून शिलिंग शोधत फिरायचं. घरमालक मीटरचा दर वाढवून ठेवायचा ते वेगळंच." पण दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात गॅस बोर्डाचा स्वतःचा मीटर होता. बोर्डाचा माणूस येई, मीटरची पेटी उघडून सगळी नाणी टेबलावर ओती, चवड्या लावून मोजी, आणि दराच्या हिशेबाने जास्त झालेली नाणी तिथेच तिला परत देई. त्या दिवशी घरात केक येई, म्हणे. वसुलीवाला येऊन उलट पैसे देऊन जातोय! १९७१ च्या फेब्रुवारीत नवी दशमान नाणी आली आणि शिलिंगचे मीटरही हळूहळू गेले.

युद्धानंतर वीज १९४८ साली आणि गॅस १९४९ साली राष्ट्राच्या मालकीचे झाले. मग १९५४ मध्ये एक छोटासा कायदा झाला, वीज आणि गॅस मंडळांच्या घरात शिरण्याच्या हक्काबद्दल. आधी मंडळांकडे हा हक्क थेट होता. या कायद्याने त्यावर लगाम घातला. घरच्यांची परवानगी किंवा मॅजिस्ट्रेटचं वॉरंट, दोन्हींपैकी एक हवंच, धोक्याची वेळ सोडून. उद्देश चांगलाच होता, रहिवाशाचं रक्षण करण्याचा. पण ग्रेशमच्या निकालातली दुसरी शेपटी आठवते ना? राजाला दार फोडता येतं. आता बिल वसूल करणाऱ्या मंडळासाठी मॅजिस्ट्रेटच्या सहीने कुलूपवाला बोलावता येऊ लागला. सगळा भार आला त्या एका सहीवर. मॅजिस्ट्रेट कागद वाचेल, विचार करेल, घरात आजारी कोण आहे ते विचारेल, हे गृहीत धरलेलं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर दर भडकले, वीज तोडण्याचं प्रमाण वाढलं, ओरड झाली, १९७६ साली हप्त्यांची आणि हिवाळ्यात वृद्धांची वीज न तोडण्याची आचारसंहिता आली. १९८६ मध्ये गॅस आणि १९९० मध्ये वीज खाजगी झाली. आणि मग तो जुना मीटर नव्या रूपात परत आला. नाण्याऐवजी प्लास्टिकची किल्ली. कोपऱ्यावरच्या दुकानात ती भरून आणायची आणि मीटरात खोचायची. फरक एवढाच की पेनीच्या मीटरला तुमचं जुनं कर्ज माहीत नव्हतं, किल्लीच्या मीटरला माहीत असतं. थकबाकी त्यात घालून ठेवता येते. दर आठवड्याला ठरलेली रक्कम आपोआप वळती होते, वीज वापरा की नका वापरू. दोन आठवडे घर बंद ठेवून आलात तरी पहिले दहा पौंड कुठे गेले ते कळतही नाही. दारात माणूस पाठवायची गरजच उरली नाही, वसुलीवाला जिन्याखालच्या कपाटात कायमचा राहायला आला. १९९० च्या दशकात वीज तोडलेल्या घरांचा आकडा एकदम घसरला आणि कंपन्या तो अभिमानाने दाखवू लागल्या. किल्लीत पैसे नाहीत म्हणून किती घरं आपसूक अंधारात बसतात, हे त्या आकड्यात येत नव्हतं.

आपल्याकडे निदान हे सरळ होतं. आधी एमएसईबी, नंतर महावितरण. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस, मग वायरमन येणार, फ्यूज काढून नेणार, गल्ली बघणार. अपमान व्हायचा तो दिवसाउजेडी व्हायचा.

माझ्या कंपनीचं नाव घेत नाही. तीन वेळा भाडेकरार फॅक्स केला, तीनदा 'मिळाला नाही' असं उत्तर आलं. दरवेळी फोनवर नवा माणूस आणि नव्याने सगळी कहाणी. पत्रं संगणक पाठवतो, त्याला आम्ही काय करणार, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते खरंच वाटायला लागलं. म्हणूनच फेब्रुवारी २००९ मध्ये एका निकालाची बातमी वाचली तेव्हा मी ती कापून ठेवली, तीही या फाईलमध्ये सापडली. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईने २००६ च्या मे महिन्यात ब्रिटिश गॅस सोडून दुसरी कंपनी धरली होती. तरी त्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत तिला बिलं आणि धमक्या येत राहिल्या. गॅस तोडू, कोर्टात खेचू, पतसंस्थांना कळवू. तिने छळाचा दावा लावला. कंपनीने न्यायालयात मांडलं की ही पत्रं संगणकाने काढलेली, म्हणून ती माणसाच्या पत्राइतकी मनाला लावून घ्यायची नसतात. अपील न्यायालयाने हा युक्तिवाद उडवून लावला. संगणकात काय घालायचं ते माणसंच ठरवतात, आणि वाचणाऱ्या माणसाला धमकी ती धमकीच. दावा चालू द्यावा असा निकाल झाला. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला होता. का ते कोणाला कळलं नाही.

आणि तरीही २०२२ चा हिवाळा आला. युक्रेनच्या युद्धाने दर कुठल्या कुठे गेले. सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल २०२१ च्या ऑक्टोबरात १,२७७ पौंडांच्या मर्यादेत होतं, वर्षभराने सरकारने मदत करूनही ते २,५०० वर गेलं. त्या एका वर्षात ९४ हजारांहून जास्त घरांत वॉरंट घेऊन जबरदस्तीने किल्लीचे किंवा तसले आगाऊ पैशांचे मीटर बसवले गेले. त्या डिसेंबरात एका वर्तमानपत्राने छापलं की उत्तर इंग्लंडमधल्या एका न्यायालयाने ४९६ वॉरंटे चार मिनिटांच्या आत मंजूर केली. एका वॉरंटाला अर्धा सेकंदही नाही! १९५४ साली ज्या सहीवर सगळी भिस्त ठेवली होती, ती ही. मग १ फेब्रुवारी २०२३ ला 'द टाइम्स'ने आपला बातमीदार ब्रिटिश गॅससाठी काम करणाऱ्या वसुली कंपनीत नोकर म्हणून घुसवल्याचं जाहीर केलं. त्याने बघितलं ते असं : कुलूपवाला दार उघडतोय आणि लहान मुलांच्या, अपंगांच्या घरात मीटर बसतोय. आठवड्याभरात नियामकाने हे काम थांबवायला लावलं आणि न्यायमूर्ती एडिस यांनी असे अर्ज ऐकणंच थांबवण्याचा आदेश सगळ्या मॅजिस्ट्रेटांना दिला. वर्षभराने, २०२४ च्या जानेवारीत, नवे कडक नियम पाळून काही कंपन्यांना पुन्हा परवानगी मिळाली. ७५ वर्षांवरचे एकटे वृद्ध, दोन वर्षांखालची मुलं असलेली घरं वगळून. थकबाकी मात्र हटलेली नाही, २०२५ मध्ये ती चार अब्ज पौंडांच्या वर गेली.

त्या ४९६ वॉरंटांबद्दल पुण्यात बसून वाचताना मला आठवले ते आमच्याकडचे एकतर्फी हुकूमनामे. १८७५ च्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि पुढच्या आठवड्यांत ते लोण आमच्या शिरूर तालुक्यातही आलं. माणसांना इजा फारशी झाली नाही. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे बाहेर काढून जाळले. कारण कोर्टाचं समन्स शेतकऱ्यापर्यंत पोचतच नसे. पोचलं तरी तो जात नसे, सावकार एकटाच उभा राहून हुकूमनामा घेऊन येई. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशांना सक्ती झाली की व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासा. नुसता कागद बघून हुकूम देऊ नका. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणंही त्या कायद्याने गेलं. लेस्टर आणि शिरूर यांत साम्य शोधायला मी निघालो नव्हतो, पण सापडलं ते असं.

आता शेवटचं, आणि हे मी अजून कुठे लिहिलेलं नाही. तिसऱ्या फॅक्सनंतर फोनवरच्या मुलीने मला विचारलं, "आधीच्या भाडेकरू कुठे गेल्या ते तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत होतं. शेजारच्या आजींनी सांगितलं होतं की ती बाई दोन लहान मुलांना घेऊन जवळच, दोन गल्ल्या सोडून राहायला गेली आहे. मला सांगायची काही सक्ती नव्हती. पण मी दमलो होतो, आणि मी खोटं बोलत नाही हे कुणीतरी एकदाचं मानावं एवढंच मला हवं होतं. मी गल्लीचं नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात माफीचं दोन ओळींचं पत्र आलं. आमच्याकडची लाल अक्षरं थांबली.

मार्च महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेलो होतो. माझ्या पुढे एक बाई, कडेवर मूल, दुसरं हाताला धरलेलं. तिने काउंटरवर विजेची किल्ली ठेवली आणि पाच पौंडांची नोट. दुकानदार गुजराती, ओळखीचा. तिने त्याला विचारलं, "यातले किती कापून जातील?" तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येत, मीटरला लावल्यावरच कळेल." ती किल्ली उचलून निघाली. दारात शेजारच्या आजी भेटल्या, त्यांनी तिला नावाने हाक मारून मुलांची चौकशी केली. ते नाव मी पाकिटांवर सहा-सात वेळा वाचलं होतं. मी दूध घेऊन उगाचच बिस्किटांच्या फडताळामागे जाऊन उभा राहिलो, त्या दोघी बाहेर जाईपर्यंत.